पहिल्या सलाईनआधी विचारायचा प्रश्न

छातीत पाणी झाले की आपल्याकडे पहिला संशय टीबीवर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. सुईने पाणी काढतात, तपासायला पाठवतात, सहा महिन्यांचा कोर्स सुरू होतो. थोड्याच रुग्णांच्या बाबतीत पाणी पुन्हा भरते. पुन्हा काढतात. दम कमी होत नाही, एका कुशीवर झोपवत नाही, वजन घटत जाते. मग कोणीतरी बायोप्सी सुचवते आणि अहवालात घरात कोणी कधी ऐकलेले नसते असे नाव येते: मेसोथेलिओमा. फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा हा कर्करोग. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलात की कुंभारी येते. तिथे अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि गोदूताई परुळेकर घरकुल, रे नगर अशा हजारो घरांच्या कामगार वसाहती आहेत. हे नाव अशा एखाद्या घरात येऊन पडले तर पुढे काय करायचे, विशेषतः ‘ट्रायल’ (नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी) हा शब्द कोणी उच्चारला तर, त्यासाठी हा लेख.

सर्वात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. ट्रायलची चौकशी केमोची पहिली सलाईन लागण्याआधी करा. ‘सगळे उपाय थकले की मग ट्रायल बघू’ ही समजूत घराघरांत आहे, आणि तीच सर्वाधिक नुकसान करते. मेसोथेलिओमाच्या अनेक मोठ्या ट्रायल आजवर औषध न घेतलेल्या रुग्णांसाठीच असतात. एक सायकल झाली की ते दार बंद. नंतरच्या टप्प्याच्या ट्रायल असतात, पण तोवर रुग्णाची ताकद खालावलेली असते आणि ताकद हीच प्रवेशाची मोठी अट असते. डॉक्टरांनी केमो लिहून दिली की एवढेच विचारा : “सर, हे सुरू करण्याआधी या आजाराची कुठे ट्रायल सुरू आहे का, ते बघायला आठ-दहा दिवस थांबलं तर चालेल का?” पाणी वेगाने भरत असेल, दम फार असेल, तर ते नाही म्हणतील आणि ते ऐकायचे. चालेल म्हणाले, तर ते दिवस पुढे सांगतो त्या कामांना लावायचे.

पहिले काम, निदान पक्के करणे. आवरणाचा कर्करोग आणि फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सारखे दिसू शकतात. नुसत्या पाण्याच्या तपासणीवर बहुतेक ट्रायल रुग्ण घेत नाहीत. आवरणाचा तुकडा लागतो आणि त्यावर आयएचसी तपासणी लागते. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-1 अशा खुणांचे रंग उमटतात की नाही, हे त्यात पाहतात. अहवालात उपप्रकारही लिहिलेला हवा : एपिथेलिऑइड, सार्कोमॅटॉइड की दोन्हींचे मिश्रण. औषधाचा परिणाम या तिघांत वेगवेगळा होतो, म्हणून ट्रायलवाले पहिल्याच फोनवर हे विचारतात.

यात एक गोष्ट लोक हमखास विसरतात. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. तो पॅथॉलॉजीत पडून राहतो आणि आपण फक्त कागद घेऊन मुंबईला निघतो. तिथे पुन्हा बायोप्सी, पुन्हा आठवडा. अर्ज करून ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, सीटी स्कॅनची सीडीही घ्या. काचेच्या स्लाइड कपड्यांच्या पिशवीत टाकू नका. मे महिन्याच्या सोलापुरी उन्हात मेणाच्या ब्लॉकचे काय होईल हे सांगायला नको.

निदान पक्के होत असतानाच डॉक्टर कामधंद्याचा इतिहास विचारतील. हा आजार बहुधा अॅस्बेस्टॉसच्या धाग्यांमुळे होतो आणि धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षे जाऊ शकतात. म्हणून आज रुग्ण काय काम करतो यापेक्षा विशी-तिशीत काय करत होता, ते सांगा. गिरणीच्या बॉयलरखान्यात, वाफेच्या नळ्यांची आवरणे काढण्यात, ब्रेक लायनिंगच्या कामात, सिमेंटचे पत्रे कापण्यात? मुंबईत घाटकोपरच्या एका अॅस्बेस्टॉस कारखान्यातील 181 कामगारांची तपासणी डॉक्टर व कामगार कार्यकर्त्यांनी केली, तेव्हा 41 जणांना अॅस्बेस्टॉसिस आढळला. 2005 साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास आहे. तिथला आजार धुळीने फुप्फुस घट्ट होण्याचा होता, कर्करोग नव्हता, पण धूळ तीच. तरुणपणी मुंबईत कारखान्यात राबून गावी परतलेली माणसे आपल्या जिल्ह्यातही आहेत. त्यांनी जुना पगाराचा कागद, भविष्यनिर्वाह निधीची पावती, काहीही असेल ते जपावे. धंद्यामुळे झालेल्या आजाराची भरपाई हा ट्रायलपेक्षा वेगळा मार्ग आहे आणि तो पुराव्यावर चालतो. आणि विडी कामगारांची घरे असलेल्या कुंभारीत हमखास विचारली जाईल अशा शंकेचे उत्तर: विडीमुळे मेसोथेलिओमा होत नाही. विडी फुप्फुसाचा, तोंडाचा, घशाचा कर्करोग देते, तेवढा गुन्हा तिला पुरेसा आहे. सिमेंटच्या पत्र्याच्या घरात नुसते राहिल्यानेही घाबरून जायचे कारण नाही. धोका पत्रा कापताना, भोके पाडताना, फोडताना उडणाऱ्या धुळीत असतो.

आता ट्रायल म्हणजे नेमके काय. ‘आमच्या माणसावर प्रयोग करताय का?’ हा प्रश्न रागाने विचारला जातो, पण त्याचे खरे उत्तर ‘हो’ असेच आहे. प्रयोग आहे, फक्त नियमांत बांधलेला. तो केल्याशिवाय आज जे औषध हक्काने मिळते तेही मिळाले नसते. पेमेट्रेक्सेड आणि सिसप्लॅटिन ही या आजाराची ठरलेली जोडी आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या ट्रायलमध्ये 448 रुग्णांवर ती तपासली गेली. नुसत्या सिसप्लॅटिनवर निम्मे रुग्ण 9.3 महिन्यांपेक्षा जास्त जगले. जोडीवर हा आकडा 12.1 महिने झाला. त्या ट्रायलच्या सुरुवातीच्या रुग्णांना औषधाचा फार त्रास झाला, काही दगावले. देखरेख करणाऱ्यांनी ते टिपले आणि पुढे सर्वांना फॉलिक अॅसिडच्या गोळ्या व बी-12 चे इंजेक्शन सुरू केले. आज केमोआधी नर्सबाई जी पिवळी छोटी गोळी ‘रोज घ्या, चुकवू नका’ म्हणून देतात, ती त्या रुग्णांमुळे आली.

दुसरे उदाहरण उलट्या बाजूचे. ऑपरेशन करून आवरण काढून टाकले तर बरे, असे कोणालाही वाटेल. ब्रिटनमध्ये दरवर्षी दोन हजारांवर माणसे या आजाराने जातात, त्यामुळे तिथे हा प्रश्न सरळ तपासला गेला. 335 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले: एकाला केमो आणि मोठे ऑपरेशन, दुसऱ्याला फक्त केमो. 2024 मध्ये निकाल आला. ऑपरेशनच्या गटात मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 19.3 महिने, फक्त केमोच्या गटात 24.8. म्हणजे ज्यांना ‘कमी’ उपचार मिळाले असे वाटले असते, तेच फायद्यात राहिले. ‘आपल्याला नवीन औषधाच्या गटात घाला’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कोणता गट चांगला हे ठाऊक असते तर ट्रायलच झाली नसती. गट संगणक ठरवतो. आमदाराची चिठ्ठी तिथे चालत नाही.

इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांचा, फायदाही ट्रायलनेच दाखवला. निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही दोन औषधे एकत्र देऊन 605 रुग्णांवर झालेल्या ट्रायलमध्ये मध्यक आयुर्मान केमोवरच्या 14.1 महिन्यांवरून 18.1 वर गेले. अमेरिकेत ऑक्टोबर 2020 मध्ये या जोडीला मान्यता मिळाली. आपल्याकडे अडते ते पैशांवर. पण मुंबईतल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तोंड व घशाच्या प्रगत कर्करोगात दर तीन आठवड्यांना फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब देऊन पाहिले. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहून ही मात्रा कमी. 151 रुग्णांच्या त्या ट्रायलमध्ये एका वर्षानंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. 2022 मध्ये हा निकाल आला. आजार वेगळा आहे, म्हणून ‘आम्हालाही तेवढंच द्या’ असा हट्ट धरता येणार नाही. पण भारतीय खिशाला परवडेल असा प्रश्न भारतीय ट्रायलच विचारते, परदेशी कंपनी विचारत नाही, हे यातून दिसते.

ट्रायल ही मुंबई-दिल्लीची गोष्ट आहे असेही समजू नका. जगातल्या फार मोठ्या कर्करोग चाचण्यांपैकी एक आपल्या शेजारी झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, 1,31,746 निरोगी महिलांची नोंद केली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी, हा प्रश्न होता. गावांचे चार गट पाडले. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्याला नेहमीची व्यवस्था. 2009 मध्ये निकाल आला तेव्हा एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते, चौथ्या गटात 64. त्या निकालाने जगभरची धोरणे बदलली. पण चौथ्या गटातल्या बायकांचे काय, या प्रश्नावर वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांत वाद झाला. ‘नेहमीची व्यवस्था’ म्हणजे त्या भागात तपासणीच नव्हती. माझ्या मते वाद रास्त होता आणि निकालही मोलाचा होता. ट्रायलमध्ये जाणाऱ्याने यातून एक प्रश्न उचलावा: “मी दुसऱ्या गटात गेलो, तर मला काय मिळणार?” कर्करोगाच्या चांगल्या ट्रायलमध्ये उत्तर असते, आजच्या घडीला मान्य असलेला उपचार. ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, तर का नाही, हे समजेपर्यंत सही करू नका.

ट्रायल शोधायची कुठे? भारतात होणाऱ्या ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, सीटीआरआय. 2007 साली ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) सुरू केली, संकेतस्थळ सर्वांना खुले आहे आणि शोधायला पैसे पडत नाहीत. आजाराचे नाव इंग्रजी अक्षरांत, बायोप्सीच्या अहवालात आहे तसेच टाका. नातवाला बसवा, पाच मिनिटांचे काम आहे. प्रत्येक नोंदीत ट्रायल कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात आहे, मुख्य डॉक्टर कोण, संपर्क काय, कोणाला घेणार व कोणाला नाही, नैतिकता समितीची मंजुरी मिळाली का, रुग्ण घेणे सुरू आहे की संपले, हे सगळे असते. रुग्ण घेणे सुरू आहे का, ते आधी पाहा. अमेरिकेतला भाचा तिकडच्या यादीची लिंक पाठवेल. त्यात भारतातले केंद्र आहे का, एवढेच तपासा आणि नसेल तर लिंक बाजूला ठेवा. मेसोथेलिओमासारख्या दुर्मीळ आजाराची एकही ट्रायल त्या दिवशी देशात सुरू नसेल, असेही होऊ शकते. तेव्हा ‘घन गाठींचे कर्करोग’ अशा व्यापक शीर्षकाखालच्या पहिल्या टप्प्याच्या ट्रायलही पाहा. टाटा मेमोरियलच्या खारघर येथील अॅक्ट्रेकसारख्या केंद्रांत त्या होतात. मात्र पहिल्या टप्प्याचा उद्देश औषधाची सुरक्षित मात्रा शोधणे हा असतो. गुण येईल हा तिथला वायदा नसतो.

नोंदीतला ‘कोणाला नाही’ हा भाग वाचून लोक दुखावतात. किडनीचा आकडा वाढलेला, हिमोग्लोबिन कमी, हिपॅटायटिस बी, टीबीची औषधे चालू, दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात, अशी कारणे असतात. तो अपमान नसतो. छातीतल्याच दुसऱ्या एका दुर्मीळ गाठीचे, थायमोमाचे, उदाहरण घ्या. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना मायस्थेनिया असतो. पापण्या गळतात, गिळताना ठसका लागतो. त्यांना इम्युनोथेरपी दिली तर स्नायूंवर, अगदी हृदयावरही जीवघेणा परिणाम होऊ शकतो. म्हणून बहुतेक ट्रायल त्यांना वगळतात. प्रवेश मिळावा म्हणून पापणीची तक्रार लपवणारा रुग्ण स्वतःच्याच जिवाशी खेळतो. सुधारता येण्यासारखी कारणे मात्र सुधारा. हिमोग्लोबिन वाढवता येते, छातीतले पाणी नळी बसवून काढता येते, आणि रुग्णाला ‘तू हलू नकोस’ म्हणून खाटेला खिळवून ठेवण्यापेक्षा रोज अंगणात चार फेऱ्या मारायला लावणे चांगले.

संमतीपत्रावर आता जरा थांबू या. 2019 चे नवी औषधे व क्लिनिकल ट्रायल नियम सांगतात की माहिती रुग्णाला समजेल त्या भाषेत द्यायची. कुंभारीत हे कलम जिवंत आहे. इथल्या वसाहतींत विड्या वळणाऱ्या कितीतरी बायकांची घरातली भाषा तेलुगू आहे, कोणाची कन्नड, कोणाची उर्दू. मराठी त्यांना बाजारापुरती येते. मुंबईच्या रुग्णालयात मराठी-हिंदी फॉर्म पुढे केला जाईल. तेलुगू फॉर्म मागायला संकोचू नका. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर बसवून सगळे वाचून दाखवावे लागते, मगच अंगठा. पूर्णपणे नव्या रेणूचे औषध असेल आणि सहभागी दुर्बल गटातला असेल, तर संमतीचे ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरणही बंधनकारक आहे. सही झालेल्या कागदांची प्रत तुमच्या हातात यायला हवी. आणि सही तिथल्या तिथे करायची नाही. फॉर्म घेऊन घरी या, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. घरच्यांनी रुग्णाच्या नकळत ‘त्याला कर्करोग सांगू नका, आम्ही सही करतो’ म्हणणे ट्रायलमध्ये चालत नाही. शुद्धीतल्या प्रौढ माणसाची सही त्याचीच लागते. आपल्याकडे हे फार अवघड जाते, पण त्यातून सुटका नाही.

आता पैशांचे. ट्रायलचे औषध आणि ट्रायलसाठीच केलेल्या जादा तपासण्या यांचा खर्च रुग्णावर पडता कामा नये, असे आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नेहमीचा उपचार मात्र अनेकदा आपल्याच खर्चाने असतो. तो महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का ते विचारा. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळू शकते, पण ती न मागता क्वचितच सांगितली जाते. हजार विड्यांवर मजुरी मोजणाऱ्या घरात मुंबईची एक फेरी म्हणजे रुग्णाची आणि सोबतच्याची, दोघांची मजुरी बुडते. फेऱ्या किती, दर किती आठवड्यांनी, हे आधी लिहून घ्या. विडी कामगाराचे ओळखपत्र सोबत ठेवा. श्रम कल्याण विभागाच्या योजनेत कर्करोगाच्या खर्चाची तरतूद आहे. रेल्वेत कर्करुग्णाला स्लीपर व थर्ड एसीत भाडे माफ असते आणि सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. रुग्णालयाचा दाखला लागतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सोलापूर सोडते आणि सकाळी दादरला उतरवते. तिथून टाटा मेमोरियलचे परळ जवळ. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. जागेसाठी आधी फोन करा, रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचे पत्र घ्या.

ट्रायलमुळे इजा झाली तर औषधोपचार मोफत व्हायला हवेत. मृत्यू ट्रायलमुळेच झाला असे ठरले तर भरपाईचे सूत्र नियमांतच दिले आहे: आठ लाखांचा पाया, त्यावर वय आणि आजाराची गंभीरता. पासष्टी ओलांडलेला आणि सहा महिन्यांहून जास्त आयुष्याची अपेक्षा नसलेला रुग्ण असेल तर हिशेब चार लाखांवर येतो. मूळ आजाराने मृत्यू झाला तर भरपाई नाही, आणि खरा तंटा याच रेषेवर होतो. डॉक्टरांनी स्वतः आखलेल्या शैक्षणिक ट्रायलना हे सूत्र तसेच्या तसे लागत नाही. म्हणून ‘भरपाई कोण देणार’ हे वाक्य फॉर्ममध्ये शोधा आणि त्यावर बोट ठेवून विचारा. नैतिकता समितीचा फोन नंबर त्याच कागदावर असतो. त्या समितीत निम्मे सदस्य तरी संस्थेबाहेरचे असावे लागतात. तक्रार तिथे करता येते.

कोणी ट्रायलमध्ये घेण्यासाठी पैसे मागितले तर उठून या. स्टेम सेलने छातीचा कर्करोग बरा करतो म्हणणारे, पॅकेज सांगणारे, सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक विचारला की विषय बदलणारे, यांच्याशी वाद घालण्यातही वेळ घालवू नका.

ट्रायलमधून कधीही बाहेर पडता येते, कारण न देता, आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. पण गुपचूप जाणे बंद करू नका. काही औषधे एकदम थांबवली तर त्रास होतो, म्हणून ट्रायलच्या समन्वयकाला फोन करून सांगा. उलट औषधाने गुण येत असताना ट्रायल संपली, तर पुढे औषध मिळण्याची तरतूद आहे. दुसरा पर्याय नसला, डॉक्टरांनी शिफारस केली आणि नैतिकता समितीने मान्यता दिली, तर कंपनीने ते मोफत द्यायचे असते. हे सहीच्या दिवशीच विचारून ठेवा.

आणि ट्रायल मिळालीच नाही तर? मग पेमेट्रेक्सेडची ठरलेली वाट आहेच आणि ती सोलापुरात राहून चालता येते. त्याआधी तज्ज्ञांचे एक मत घ्यायचे असेल तर टाटा मेमोरियलची ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा आहे. कागद अपलोड केले की मत येते, मुंबईची फेरी वाचते. दुखणे आणि दम यांवरचा उपशामक उपचार पहिल्या दिवसापासून मागा, ट्रायल असो वा नसो. केमोच्या दरम्यान दर दोन-तीन सायकलनंतर सीटी होतो. त्याचा अहवाल हातात आला की त्याच आठवड्यात सीटीआरआय पुन्हा उघडा. आधी बंद असलेली एखादी ट्रायल तोवर सुरू झालेली असू शकते, आणि केमो झालेल्या रुग्णांसाठीच्या ट्रायल तेव्हाच उपयोगी पडतात. ब्लॉक कोणत्या प्रयोगशाळेत जमा आहे, ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.